२६ फुटी भाड्याचा ट्रक, ढोल-ताशे आणि वेट स्टेशन : सीडीएल लागत नाही म्हणजे कुठलाच नियम लागत नाही का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा, पुढच्या महिन्यात परत ट्रक न्यायचाय आणि पथकात या विषयावरून सरळ दोन गट पडलेत.

आमचं न्यू जर्सीतलं हौशी ढोल-ताशा पथक आहे. २८ ढोल, ९ ताशे, झांजा, दोन ध्वज आणि एक टोलगाडी, सगळं एका सभासदाच्या गॅरेजमध्ये असतं. शेजारच्या राज्यातल्या मंडळाने मिरवणुकीला बोलावलं म्हणून आम्ही २६ फुटी बॉक्स ट्रक भाड्याने घेतला. काउंटरवर फक्त लायसन्स आणि क्रेडिट कार्ड बघितलं, साधं गाडीचं लायसन्स चालतं, सीडीएल म्हणजे जड ट्रकचं कमर्शियल लायसन्स लागत नाही म्हणाले, चावी दिली. मी चालवत होतो, शेजारी आमचा ताशेवाला. हायवेला वेट स्टेशन, म्हणजे ट्रकचं वजन करायची चौकी, आलं, बोर्डावर स्पष्ट लिहिलेलं की सगळ्या ट्रकनी आत यायचं. मला वाटलं हे धंदेवाल्या ट्रकसाठी असणार, आपण तर भाड्याच्या गाडीत सामान नेतोय, म्हणून सरळ पुढे गेलो. दोनेक मैलांवर मागे दिवे लागले.

ट्रूपर, म्हणजे राज्याचा हायवे पोलीस, अगदी सभ्य होता हे आधी सांगतो. पण त्याचे प्रश्न असे होते की मला एकाचंही धड उत्तर देता येईना. मागे काय आहे? कुणाच्या मालकीचं आहे? तिकडे गेल्यावर तुम्हाला पैसे मिळणार आहेत का? मेडिकल कार्ड कुठे आहे? आज सकाळपासून किती तास चालवलं त्याचा लॉग? मी म्हटलं मी व्हॉलंटियर आहे, आयटीत नोकरी करतो. मग तो मागे गेला, शटर उघडायला सांगितलं. पट्टा सैल झालेला, शटर वर केल्याबरोबर एक ढोल घरंगळत थेट काठावर आला, मी हाताने अडवला नसता तर रस्त्यावर पडला असता. आणि ढोलांच्या पुढे आमच्या स्पॉन्सरचा बॅनर उभा बांधलेला, एका रिअल इस्टेट एजंटचा, हा भलामोठा फोटो आणि फोन नंबर. ट्रूपरने विचारलं हे कोण. मी खरं ते सांगितलं, हे आमच्या प्रवासाचा खर्च देतात.

दीड तास गेला. शेवटी वेट स्टेशन चुकवल्याबद्दल लेखी ताकीद दिली, आणि म्हणाला की तू कमर्शियल आहेस की नाहीस हे पुढच्या वेळी निघायच्या आधी शोधून ठेव. आम्ही पोचलो तेव्हा मिरवणूक अर्ध्यावर आलेली, पोरं बिनढोलाची उभी होती. ते दृश्य अजून डोळ्यासमोरून जात नाही.

तर प्रश्न असा की सीडीएल लागत नाही एवढं नक्की ना? आणि ते लागत नसेल तर मेडिकल कार्ड आणि लॉगबुक कुठून आलं?

विदर्भवीर

मी गेल्या बारा वर्षांत सात वेळा भाड्याचा ट्रक नेलाय, घर बदलताना, मंडळाचा मखर नेताना, एकदा मित्राचा सोफा आणायला, कधीच कोणी विचारलं नाही. एकदाही वेट स्टेशनला गेलो नाही. तुमचं नशीब त्या दिवशी खराब होतं, एवढंच. यावरून मंडळात भांडू नका.

हायवेचा_माणूस

गोदाकाठ, मी एका ट्रकिंग कंपनीच्या सेफ्टी डिपार्टमेंटला आहे, बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो. विदर्भवीर यांचा अनुभव खरा आहे पण त्यावर विसंबून राहू नका, का ते पुढे येईलच.

गोंधळ होतो तो 'कमर्शियल व्हेइकल' या एकाच शब्दाच्या दोन वेगळ्या व्याख्यांमुळे. दोन वेगळ्या रेषा आहेत. पहिली रेषा २६,००१ पाउंडांची, म्हणजे पावणेबारा टनांच्या आसपास. गाडीचं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे कंपनीने ठरवलेलं भरलेल्या गाडीचं कमाल वजन, तेवढं किंवा त्याच्या वर असेल तर सीडीएल लागतं. भाड्याच्या कंपन्या सगळ्यात मोठा २६ फुटी ट्रकसुद्धा मुद्दाम २६,००० च्या आत ठेवतात, म्हणून काउंटरवर साध्या लायसन्सवर चावी मिळते. तुमचं ते बरोबरच होतं.

दुसरी रेषा १०,००१ पाउंडांची, साडेचार टन. हिच्याबद्दल काउंटरवर कोणी बोलत नाही. गाडी एवढी किंवा याहून जड असेल आणि ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात व्यापाराच्या कामासाठी चालली असेल तर फेडरल नियमांच्या दृष्टीने ती कमर्शियल मोटर व्हेइकल झाली, सीडीएल लागो न लागो. मग ड्रायव्हरचं मेडिकल सर्टिफिकेट आलं, तासांचे नियम आले, यूएसडॉट नंबर, म्हणजे फेडरल वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक, आला, अग्निशामक आणि तीन रिफ्लेक्टर त्रिकोण आले. २६ फुटी ट्रक या दोन रेषांच्या बरोबर मधे उभा असतो. म्हणूनच ट्रूपरने सीडीएल मागितलं नाही पण मेडिकल कार्ड मागितलं. त्याला नियम नीट माहीत होता.

आणि जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे ट्रकमध्ये त्या दिवशी किती वजन भरलंय ते नव्हे. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर कंपनीने छापलेला आकडा, गाडी भरून जास्तीत जास्त किती वजनाची होऊ शकते तो. रिकामा ट्रक नेला तरी आकडा तोच. ढोल कितीसे जड असणार हा मुद्दाच नाही.

गोदाकाठ

हे मला पहिल्यांदाच कळतंय. म्हणजे नोकरी बदलली आणि घरचं सामान न्यू जर्सीहून दुसऱ्या राज्यात नेलं तरी मेडिकल कार्ड पाहिजे का? असं असेल तर अर्धे देशी लोक बेकायदा शिफ्ट झालेत.

हायवेचा_माणूस

नाही नाही, त्याला सरळ सूट आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतःचं सामान कधीमधी नेणं, त्याचे पैसे न घेता आणि कुठल्याही धंद्याला हातभार न लावता, हे फेडरल नियमांतून वगळलेलंच आहे. पलंग, कपाटं, देव्हारा, पुस्तकांची खोकी, न्या बिनधास्त कितीही राज्यं ओलांडून. पण 'पैसे न घेता' हे शब्द लक्षात ठेवा. ट्रक तुमच्या नावावर घेतला आणि जाताजाता कोणी म्हणालं की माझं पण एक कपाट आणि फ्रीज टाक, तीनशे डॉलर देतो, तर तुम्ही भाड्याने माल वाहणारे झालात, आणि दुसऱ्याचं घरसामान पैसे घेऊन राज्याबाहेर नेणं यावर तर आणखी कडक नियम आहेत. चांगल्या मनाने केलेली गोष्ट अंगाशी येते ती इथे.

अप्पा_डॅलस

आम्ही न्यू जर्सीहून डॅलसला असेच आलो, २६ फुटी ट्रक आणि मागे कार ट्रेलरवर आमची गाडी. पंधराशे मैल, चार दिवस. सीडीएलबद्दल मीही घाबरलो होतो की ट्रक अधिक ट्रेलर मिळून २६,००१ च्या वर जातं. पण ट्रेलर स्वतः १०,००० पाउंडांच्या आत असेल आणि ट्रक २६,००० च्या आत, तर लागत नाही, भाड्याचा कार ट्रेलर त्यात आरामात बसतो.

एक अनुभव सांगतो. माझ्या गाडीची इन्शुरन्स पॉलिसी भाड्याच्या कारला चालते म्हणून मी गृहीत धरलं की ट्रकलाही चालेल. निघायच्या आदल्या रात्री बायको म्हणाली अहो एकदा फोन तरी करा. केला, तर कळलं की एवढ्या वजनाचा ट्रक पॉलिसीत नाही, आणि क्रेडिट कार्डवरच्या फुकट कव्हरमध्येही ट्रक वगळलेला. मग काउंटरवर जाऊन लायबिलिटीचं वेगळं कव्हर घेतलं. सगळ्यांना हात जोडून सांगतो, हा फोन करा. माणसाला लागलं तर भाड्याच्या कंपनीवर सहसा जबाबदारी जात नाही, २००५ पासून तसा फेडरल कायदाच आहे, कंपनीची स्वतःची चूक नसेल तर निव्वळ मालक म्हणून तिला धरता येत नाही. सगळं आपल्या डोक्यावर.

निशिगंध०७

>> वेट स्टेशन हे धंदेवाल्या ट्रकसाठी असणार

हायवेचा_माणूस, यावर लिहा ना प्लीज. घरचं सामान असेल तर थांबायचं की नाही? माझा भाऊ पुढच्या आठवड्यात फ्लोरिडाला शिफ्ट होतोय.

हायवेचा_माणूस

वेट स्टेशनचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा असतो, आणि वर सांगितलेली फेडरल सूट तिथे आपोआप लागू होत नाही, हा दुसरा मोठा गैरसमज. काही राज्यांत वजनावर ठरतं, काही ठिकाणी वापरावर. मी सगळ्यांना एकच सांगतो, बोर्डावर 'सगळे ट्रक' लिहिलं असेल तर आत जा. बहुतेक वेळा ते हात करून पुढे जा म्हणतात, दोन मिनिटं जातात. चुकवलं की मात्र मागे दिवे लागतात आणि संशयापासून सुरुवात होते.

फ्लोरिडाचं तर अगदी स्पष्ट आहे. तिथे शेतीखात्याच्या तपासणी चौक्या आहेत, फळं-झाडं-जनावरं यांच्यासाठी, आणि भाड्याचे ट्रक थांबलेच पाहिजेत, आत घरचा पलंग असला तरी. भावाला सांगा की शटरला कुलूप असेल तर किल्ली हाताशी ठेव, आणि कुंडीतली तुळस नेत असेल तर आधी नियम बघून घे.

रानजाई

गोदाकाठ, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला कारण मी हे सगळं केलंय, चुकीच्या बाजूने.

मी घरगुती फराळाचा व्यवसाय करते, आता रीतसर कमर्शियल किचनमधून. दिवाळीच्या आधी दोन आठवडे व्हर्जिनिया आणि बॉस्टनकडे पिकअप पॉइंट असतात, चकली, करंज्या, अनारसे, चिवडा, सगळी खोकी. पहिली दोन वर्षं मिनीव्हॅन पुरली. तिसऱ्या वर्षी ऑर्डर वाढल्या म्हणून १६ फुटी ट्रक घेतला. काउंटरवर विचारलं पर्सनल की बिझनेस, मी पर्सनल म्हटलं, माझ्या डोक्यात तेच होतं, माझं सामान, मीच चालवणार, ट्रकपण छोटा. जाताना मैत्रिणीचा नवरा भेटला, तो ट्रकिंगचं सॉफ्टवेअर करतो, त्याने दार उघडून स्टिकर दाखवला, आकडा १०,००१ च्या चांगलाच वर. म्हणाला ताई, तू पर्सनल नाहीस, तू प्रायव्हेट मोटर कॅरिअर आहेस. त्या रात्री मी ट्रक परत केला आणि दोन मिनीव्हॅनच्या तीन फेऱ्या मारल्या, झोप नाही की काही नाही.

पुढच्या वर्षी नीट केलं. लिहून ठेवते म्हणजे कुणाला तरी उपयोग होईल.

यूएसडॉट नंबर फुकट मिळतो, सरकारी साइटवर स्वतः अर्ज करायचा. नंबर मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून इतके फोन येतात की विचारू नका, सगळे सरकारी असल्यासारखे बोलतात, अमुक फी आजच भरा नाहीतर दंड. एकाला मी कार्ड नंबर सांगायला निघाले होते, मुलीने फोन हातातून घेतला. ते सरकार नव्हे, खाजगी लोक. खरी भरायची ती यूसीआर या ट्रकवाल्यांच्या नोंदणीची वर्षाची फी, राज्याबाहेर जात असाल तर, आणि दोनपर्यंत ट्रक असणाऱ्याला ती अगदी किरकोळ आहे.

मग मेडिकल. आपला नेहमीचा डॉक्टर चालत नाही, राष्ट्रीय यादीत नाव असलेलाच एक्झामिनर लागतो. मी एका अर्जंट केअरमध्ये गेले. डोळे, बीपी, लघवीची तपासणी, आणि कानांसाठी ती बाई माझ्यापासून पाच फुटांवर जाऊन उभी राहिली आणि कुजबुजत आकडे म्हणाली, ते मी परत म्हणायचे. आईच्या घरी पोळ्या लाटताना आम्ही बहिणी अशाच कुजबुजायचो, मला सगळे आकडे ऐकू आले. बीपी जरा वर होतं म्हणून दोन वर्षांऐवजी एका वर्षाचं सर्टिफिकेट मिळालं.

दारावर नाव आणि नंबर रंगवावा लागतो का ही मोठी काळजी होती, भाड्याच्या गाडीवर कसं रंगवणार. तर भाडं ३० दिवसांच्या आत असेल तर भाड्याच्या कंपनीचं नाव-नंबर गाडीवर असलेलं चालतं, फक्त करारात लागतो तो मजकूर असला पाहिजे आणि करार ट्रकमध्येच ठेवायचा. मी तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून सीटच्या मागे खोचते, मेडिकल कार्ड त्यातच.

आणि आता काउंटरवर बिझनेस सांगते. जास्त पैसे पडतात, पडू देत.

हायवेचा_माणूस

रानजाई, हे इतकं नेमकं लिहिलंत की मी कंपनीत नव्या पोरांना वाचायला देईन.

दोन गोष्टी जोडतो. तुम्ही स्वतःचा माल नेता म्हणून प्रायव्हेट कॅरिअर, त्यामुळे एमसी नंबर, म्हणजे भाड्याने माल वाहायचा फेडरल परवाना, नको आणि भाड्याने माल वाहणाऱ्यांना लागतो तो साडेसात लाख डॉलरचा फेडरल इन्शुरन्सही नको. पण दुसऱ्या कुणाचे पापड-लोणची पैसे घेऊन त्याच ट्रकमध्ये टाकलीत की चित्र बदललं.

दुसरं म्हणजे तास. ११ तासांच्या वर ड्रायव्हिंग नाही, कामाला सुरुवात केल्यापासून १४ तासांनंतर चाक हातात धरायचं नाही, आणि त्याआधी सलग १० तास सुट्टी झालेली हवी. आठ तास चालवलं की अर्धा तास थांबायचं. पहाटे चारला चकल्यांची खोकी बांधायला सुरुवात केलीत तर तेही काम धरलं जातं, घड्याळ तेव्हापासून सुरू. सरळ रेषेत १५० एअर माइलच्या आत, म्हणजे साधे १७२ मैल, फिरून त्याच दिवशी परत येणाऱ्याला रोजच्या लॉगची सूट आहे, फक्त वेळेची नोंद ठेवायची. न्यू जर्सीतल्या एडिसनहून व्हर्जिनिया त्याच्या बाहेर जातं, बॉस्टनही. तेव्हा लॉग पाहिजे, पण ३० दिवसांत ८ पेक्षा जास्त दिवस लॉग लागत नसेल तर ते इलेक्ट्रॉनिक यंत्र नको, कागदी वही चालते.

रानजाई

वही आहे, माझा मुलगा रेघा मारून देतो. पहाटेचं पॅकिंग धरायचं हे मात्र माहीत नव्हतं. म्हणजे मी मागच्या वर्षी परतीच्या वाटेवर नियमाबाहेर होते. या वर्षी पॅकिंगला दुसरी बाई ठेवते, मी सातला उठून थेट चाकावर.

विदर्भवीर

हे सगळं ठीक आहे पण मंडळ म्हणजे ना नफा ना तोटा. गणपतीच्या कामाला व्यापार म्हणणं मला पटत नाही. सगळे आपापला वीकेंड घालवून, पेट्रोल घालून येतात.

हायवेचा_माणूस

तुमची भावना समजते, मी स्वतः मखर उचललेत. पण नॉन-प्रॉफिट आहे म्हणून आपोआप सूट, असं मालवाहतुकीच्या नियमांत नाही. सूट आहे ती व्यक्तीच्या स्वतःच्या सामानाला.

गोदाकाठच्या केसला सगळ्यात जवळचं मार्गदर्शन घोडेवाल्यांचं आहे. शर्यतीला, प्रदर्शनाला लोक आपले घोडे, गाड्या, बोटी मोठ्या ट्रकने नेतात, बक्षीसही मिळतं, तर ते कमर्शियल का? फेडरल खात्याचं उत्तर असं की मूळ काम नफ्यासाठी नसेल, मिळालेलं बक्षीस साधं उत्पन्न म्हणून टॅक्समध्ये दाखवलं असेल, खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा केला नसेल, आणि कॉर्पोरेट स्पॉन्सरशिप नसेल, तर सूट लागू. वर हेही म्हटलंय की लायसन्सचं आपल्या राज्याला विचारा.

आता तुमचा ट्रक यात बसवून बघा. हौशी पथक, इथपर्यंत ठीक. ढोल पथकाच्या नावावर आहेत की एकेकाचे स्वतःचे? तिकडून मानधन घेतलंत का? आणि स्पॉन्सर. तो बॅनर पाहिल्याबरोबर ट्रूपरची शंका रास्त झाली, कारण ती अट तिथे पांढऱ्यावर काळं लिहिलेली आहे. तुम्ही खरं सांगितलंत ते उत्तम केलंत, खोटं बोलला असतात तर प्रकरण ताकिदीवर थांबलं नसतं.

गोदाकाठ

मानधन होतं. पाचशे डॉलरचा चेक, पथकाच्या नावावर. ढोल पण पथकाच्या नावावर, वर्गणी काढून घेतलेले. म्हणजे आम्ही प्रत्येक ठिकाणी उलट्या बाजूला आहोत.

खरं सांगू, वाईट वाटतंय. चेकमधून आम्ही ढोलांची पानं, म्हणजे वाजवायचे पडदे, बदलतो, एका ढोलाचं पान फाटलं की इथे मिळत नाही, पुण्याहून कोणी येणार असेल तर मागवायचं. स्पॉन्सर माणूसही चांगला आहे, स्वतः झांज वाजवतो. पण नियम माणूस चांगला की वाईट बघत नाही हे कळलं.

कॅरीकर

धागा वजनाकडे गेलाय म्हणून उंचीचं मी लिहितो. आमच्या इथे नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला साउथ ग्रेगसन स्ट्रीटवर रेल्वेचा पूल आहे, ११ फूट ८ इंच म्हणून जगभर प्रसिद्ध झालेला. शेजारच्या ऑफिसातल्या एकाने २००८ पासून कॅमेरा लावलाय, त्यात एकामागून एक बॉक्स ट्रकची छपरं सोललेली दिसतात, बरेचसे भाड्याचे. उंच गाडी आली की सेन्सर लाल सिग्नल देतो आणि वळा म्हणून दिव्यांची पाटी पेटते, तरी लोक घुसतात. २०१९ च्या ऑक्टोबरात रेल्वेने पूल ८ इंच वर उचलला, आता १२ फूट ४ इंच, आणि तरीही गाड्या आपटतातच.

माझ्या रूममेटने दुसऱ्या एका पुलाखाली हेच केलं. छपराचा पत्रा मागे गुंडाळला गेला, आवाज असा की मला वाटलं मागून कोणीतरी धडकलं. डॅमेज वेव्हर घेतलेलं होतं, पण साध्या वेव्हरमध्ये वरून आपटलेलं बऱ्याचदा धरत नाहीत, बारीक अक्षरात असतं ते. तेव्हापासून मी ट्रक घेतला की उंचीचा आकडा मास्किंग टेपवर मोठ्या अक्षरात लिहून डॅशबोर्डवर डोळ्यासमोर चिकटवतो.

निशिगंध०७

बॉस्टनमध्ये तर १ सप्टेंबरला हा सोहळाच असतो. शहरातल्या बहुतेक घरांच्या लीज त्या दिवशी बदलतात, विद्यार्थी ट्रक घेऊन स्टॉरो ड्राइव्हवर शिरतात आणि पुलाला छप्पर लागतं, इतकं नेमाने की त्याला क्रियापदच पडलंय, 'स्टॉरो' झाला म्हणतात. प्रवेशाला पाट्या लटकलेल्या असतात, फक्त कार, पण फोनवरचा नकाशा कारसाठीच रस्ता दाखवतो, त्याला काय माहीत तुम्ही ट्रकमध्ये आहात.

हायवेचा_माणूस

आणि न्यू जर्सी-न्यूयॉर्कवाल्यांनो, नावात 'पार्कवे' असेल तर ट्रक घेऊन शिरू नका. पॅलिसेड्स, हचिन्सन रिव्हर, कनेटिकटचा मेरिट, सगळे बंद, आणि तिथे तुमचा ट्रक घरसामानाचा आहे हे सांगून उपयोग नाही, तो ट्रक आहे म्हणून बंद. गार्डन स्टेट पार्कवेवर एक्झिट १०५ च्या उत्तरेला ट्रक नको. जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवर वरच्या मजल्यानेच जायचं.

तळजाई

पुण्याहून वाचतोय, इथला फरक सांगावासा वाटला. आपल्याकडे प्रश्न लायसन्सवरच अडकलेला होता. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर ७,५०० किलोच्या आतला टेम्पो चालवला आणि अपघात झाला की विमा कंपनी म्हणायची ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही, पैसे देणार नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ ला आणि मग ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की ७,५०० किलोच्या आत वेगळा शिक्का नको. माझ्या मामांचा भाजीचा टेम्पो आहे, त्यांची सात वर्षांची झोप परत आली.

तुमच्या पथकाला शुभेच्छा. पानं पाहिजे असतील तर मला सांगा, माझी बहीण डिसेंबरात तिकडे येतेय.

गोदाकाठ

तळजाई, व्यनि केलाय. मनापासून आभार.

हायवेचा_माणूस, शेवटचा प्रश्न. १०,००१ च्या खालची गाडी घेतली तर? आमच्याकडे एकाचा पिकअप आहे, मागे ट्रेलर लावला तर सगळे ढोल बसतील.

हायवेचा_माणूस

हाच रस्ता मी सुचवणार होतो, पण ट्रेलर नको. १०,००१ चा आकडा जोडगाडीलाही लागतो, पिकअप आणि ट्रेलर दोघांचं मिळून. पिकअप ७,००० चा आणि ट्रेलर साडेतीन हजारांचा म्हटलं की गेलात वर. बागकाम करणारे लोक यातच पकडले जातात, त्यांना वाटतं आपला तर साधा पिकअप.

कार्गो व्हॅन घ्या, दोन घ्या. बहुतेक १०,००० च्या खाली असतात, तरी सही करायच्या आधी दार उघडून स्टिकर स्वतः बघा. मग स्पॉन्सर असो, मानधन असो, या नियमांची रेषाच ओलांडली जात नाही. इन्शुरन्ससाठी मात्र काउंटरवर खरं सांगा की संस्थेच्या कामासाठी घेतोय.

आणि ढोल आडवे रचू नका, उभे ठेवून चार-चारच्या गठ्ठ्याला रॅचेट पट्टा मारा, भिंतीच्या कडीला. मधे जुन्या गोधड्या. पन्नास मैलांवर एकदा थांबून पट्टा हाताने ओढून बघायचा, पहिल्या पन्नास मैलांतच सैल होतो.

विदर्भवीर

मी सकाळी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर हा धागा टाकला. आम्ही मखरासाठी २६ फुटी बुक केला होता, दोन राज्यं ओलांडून जाणार होतो, वर मिठाईवाल्याचा बॅनर. बदलतोय. पहिल्या पोस्टमध्ये मी नशीब म्हटलं ते मागे घेतो.

गोदाकाठ

अपडेट. काल संध्याकाळी एक कार्गो व्हॅन दिवसभरासाठी आणून गॅरेजसमोर ढोल लावून बघितले. दाराच्या चौकटीवरचा आकडा सगळ्यांनी वाकून वाचला, १०,००० च्या खाली. उभे लावून, मधे गोधड्या घालून ११ बसले, बारावा बसवला तर दार लागत नाही. म्हणजे दोन व्हॅनमध्ये २२, उरलेले सहा ढोल तीन सभासदांच्या गाड्यांत मागच्या सीट पाडून, ताशे आणि झांजा मांडीवर. टोलगाडी नाही जाणार, तिकडचं मंडळ त्यांची देतंय. बॅनर स्पॉन्सर स्वतःच्या गाडीतून आणतो म्हणाला.

रॅचेट पट्टे आठ घेतलेत. अजून चार लागतील असं वाटतंय, एडिसनच्या जवळपास कुणाकडे पडून असतील तर शुक्रवारी रात्री येऊन नेतो, सोमवारी परत.

रानजाई

माझ्याकडे सहा आहेत. शुक्रवारी आठनंतर या, किचनवरच असेन.